गोरू उतलां म्हणून: इब्रामपूर ते पाळी

आणि वर मलाच विचारते, "तुला नेमकं खुपतंय तरी काय?" काय खुपतंय म्हणजे? सहा वर्षांची पोर दिवसभर काजूच्या डोंगरावर फिरते. पाटी नाही, पुस्तक नाही, बाकडं नाही, आणि त्याला शाळा म्हणायचं. डोंगरच दाखवायचा होता तर माझ्यासारखं गुरांमागे पाठवा, फी तरी वाचेल. हे मी गेल्या जूनपासून सांगतोय. फोनवर सांगितलं, व्हॉइस मेसेज टाकून सांगितलं, सासऱ्यांना मध्ये घालून सांगितलं. दर्शना, म्हणजे माझी बायको, सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "बरं. जेवलास?"

या ब्लॉगवर मी आजवर ओमानचंच लिहिलं. वाळवंट, वाद्या म्हणजे कोरड्या नद्या, समुद्राकाठचे किल्ले. इथे सोहारजवळ मी परांची बांधतो, म्हणजे लोखंडी पाइपांचे मचाण उभे करून देतो, त्यावर चढून बाकीचे काम करतात. शुक्रवारी सुट्टी असली की मला खोलीत बसवत नाही, कोणाच्या तरी गाडीत बसून निघतो आणि आलो की लिहितो. शाळा सहावीत सुटली, त्यामुळे शुद्धलेखनाला हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. या वेळचा प्रवास मात्र माझ्याच गावचा आहे. गोव्यात येऊन बीच बघून परत जाणाऱ्यांनी पेडणे आणि डिचोली तालुक्याची ही बाजू बघितलेली नसते, त्यांना रस्ता कळेल. पण मी काही फिरायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो.

मुलीचं नाव गौरांगी. मी हौसेने ठेवलं. माझ्या आईने पहिल्याच महिन्यात त्याचं "गोरू" करून टाकलं. आमच्याकडे गोरू म्हणजे गुरं-ढोरं. आता अख्खं इब्रामपूर तिला गोरू म्हणते आणि ती "ओ" देते.

एप्रिलमध्ये आईचा फोन आला. डोंगरावर रेंज धड नसते, आवाज तुटत होता. एवढंच ऐकू आलं, "तुझां गोरू उतलां मरे. येवन बग." आणि फोन कट.

मी जिथे होतो तिथेच पाइपावर बसलो. उतलं. दूध उततं, माणूस उततो. "उतू नको, मातू नको" हे वाक्य लहानपणी मी मारासोबत ऐकलेलं. म्हणजे झालं ना, जे मी म्हणत होतो तेच! ना शिस्त, ना धाक, पोर डोक्यावर बसली. आजीसुद्धा कंटाळली. मी दर्शनाला त्या एका दिवसात जे मेसेज टाकले ते इथे लिहीत नाही. ती फक्त म्हणाली, "तू ये. फोनवर नको." सुपरवायझरचे पाय धरून आठवड्याची सुट्टी काढली. मस्कत ते मोपा तिकीट ऐनवेळी काढलं की दुप्पट पडतं, तुम्ही आधी काढा.

मोपा ते इब्रामपूर

मोपाचं विमानतळ ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, त्या सड्यावर मी मामाची गुरं राखली आहेत. कातळावर नुसतं वाळलेलं गवत असायचं. चप्पल नसायची, कातळ तापला की गुरांच्या सावलीत पाय ठेवायचे. आता तिथेच काचेचं दार आपोआप उघडतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी दर्शनाला काय सुनवायचं तेच मनात जुळवत होतो. बॅग एकच होती आणि बॅगेत तिच्यासाठी काळे शाळेचे बूट, बंद लेसवाले.

बाहेर टॅक्सीवाल्याने इब्रामपूरचं नाव ऐकून भाडं सांगितलं, ते ऐकून मी म्हटलं, "भावा, मी पण हयलोच." तो म्हणाला, "म्हणान तर कमी सांगलंय." शेवटी दर्शनाच स्कूटर घेऊन आली. घरून कोणी येणार असेल तर बोलावून घ्या, नाहीतर भाडं आधी ठरवा. चांदेल, हसापूरवरून इब्रामपूर. रस्ता चांगला आहे, वळणं फार, आणि या दिवसांत दोन्ही बाजूंनी काजूच्या बोंडांचा, म्हणजे ज्यांच्या बुडाला बी लोंबते त्या फळांचा, आंबूस वास. ज्याला आवडत नाही त्याचं डोकं धरतं.

मी तिच्या मागे बसून सगळं सुनावलं. मुलांना धाक हवा, वेळ हवी, गणवेश हवा, जग काय तुमच्या त्या शाळा चालवणाऱ्या मावशीच्या डोंगराएवढं नाही. हसापूर संपेपर्यंत बोललो. घराजवळ स्कूटर थांबवून तिने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "काय म्हणत होतास?"

मग म्हणाली, "आत गेल्यावर तिच्यावर ओरडू नको. बस."

गोरू खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी होती. आधी यायची तशी धावत आली नाही. उजवा हात पाठीमागे. खालच्या ओठावर डाव्या बाजूला गुलाबी चट्टा, नवीन कातडी आलेली, खाली हनुवटीपर्यंत ओघळ गेल्यासारखा. मी हात पुढे ओढला. तीन बोटांची सालं निघालेली.

"हे काय?"

आई खिडकीतून म्हणाली, "काय म्हणजे? सांगलां न्हय तुका, उतलां म्हणान?"

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ओल्या काजूबीच्या टरफलात चीक असतो. तो अंगाला लागला की भाजल्यासारखे फोड येतात. त्याला आमच्याकडे उतणं म्हणतात. बिबा उततो तसाच काजूचा चीक उततो. हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. लहानपणी माझी बोटं दर उन्हाळ्यात उतलेली असायची. पण फोनवर ऐकला तेव्हा मला दुसराच अर्थ लागला, कारण माझ्या मनात दुसराच अर्थ बसून होता. दर्शनाने सांगितलं नाही, कारण फोड आले त्याच दिवशी मी शाळेवरून तिला नको नको ते बोललो होतो. पेडण्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं, डाग जाईल म्हणाले होते.

गोरूने मला विचारलं, "बाबा, तू माका मारूक इलंस?"

आईने तिला सांगून ठेवलं होतं की बाबा रागाने येतोय. मी "नाही गो" म्हटलं. विमानात पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. बूट दिले. तिने ते पायात न घालता हातात घातले आणि ओसरीवर टप टप वाजवत बसली.

डोंगरावर

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर आलेल्या पोदेराचे पाव आणि चहा घेऊन तिच्यासोबत शाळेला निघालो. गाडी जात नाही, बागायतीतून पायवाट आहे. बाहेरच्यांनी आधी विचारून मगच जावं, ते काही बघायचं ठिकाण नाही.

शाळा म्हणजे काजूच्या बागेत पत्र्याचं एक छप्पर, पाण्याचा माठ, दोन चटया. अकरा मुलं. शेतावर कामाला येणाऱ्या सिंधुदुर्गातल्या बायांची चार, बाकी गावातली. चालवणारी बाई मूळची कोरगावची, पन्नाशी उलटलेली, साडी कंबरेला खोचलेली. कित्येक वर्षं साध्या प्राथमिक शाळेत शिकवून तिने ती नोकरी सोडली. मुलं तिला टीचर म्हणत नाहीत, मावशी म्हणतात.

तिचं म्हणणं दर्शनाने मला फोनवर हजार वेळा सांगितलं होतं, आता तिच्याच तोंडून ऐकलं. सात वर्षांपर्यंत अक्षर नको. आधी हात, पाय, डोळे, नाक तयार होऊ देत. मुलाने वस्तू हाताळावी, मग तिचं नाव कागदावर बघावं. आपण घाई करतो म्हणून मूल शब्द बोलतं आणि त्यामागे काही नसतं. आणि शिक्षा करायची नाही.

"बोंडू कसे काढतात, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"काढत नाहीत. पडायची वाट बघतात."

"का?"

"झाडावरचं काढलं तर रस कमी, बी कच्ची." मला राग आला. ती मलाच शाळेत बसवत होती. "पण मावशी, पोर म्हणजे बोंडू नव्हे."

"नव्हे. बोंडूचा बाप ओमानहून फोन करत नाही."

तेवढ्यात खाली दोन मुलगे एक दगड काठीने उलथत होते. एक म्हणत होता, "काठी मोडतली रे." दुसरा, "मोडूंदी, दुसरी हाडूया." दगड उताराला होता. खालच्या मुलाचा पाय मला दिसला आणि मी ओरडलो, "पाय काढ! पाय!" दोघे इतके दचकले की काठी सुटली आणि दगड घसरला. सुदैवाने बाजूने गेला. खालचा मुलगा माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होता.

मावशी म्हणाली, "त्याने पाय मघाशीच काढला होता. तुम्ही ओरडलात म्हणून काठी सुटली."

मग मी विचारायचं ते विचारलं, "माझी मुलगी कशी उतली?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "मी शिक्षा करत नाही, कारण शिक्षा आपोआप होते. पावसात भिजला की गारठतो. डबा विसरला की भूक लागते. त्यात कोणाचा राग नसतो, म्हणून मूल खोटं बोलायला शिकत नाही. त्या दिवशी गोरूच्या हातात ओली बी होती. दोनदा सांगितलं होतं, फोडू नको. मला वाटलं, बोटाला चटका बसेल, कळेल. मी चार हातांवर होते. तिने बी दातांखाली धरली."

"आणि?"

"आणि मी पोचेपर्यंत उशीर झाला. कुठला चटका बसू द्यायचा आणि कुठला हात धरून थांबवायचा, माझं कामच ते आहे. त्या दिवशी मला ते जमलं नाही."

मी भांडायला आलो होतो आणि समोरचा माणूस आधीच कबूल करून बसला होता. मी म्हटलं, "मग हे न जमल्याची फी कोण भरणार?"

"तिने भरली," मावशी म्हणाली. "म्हणून मला झोप नाही."

मग मी माझं सांगितलं. म्हटलं, मला निसर्गानेच वाढवलं. उन्हाने, गुरांनी, काट्यांनी. सगळं चटके खाऊन शिकलो. आणि आज काय? परांचीवर एक पाटी लावलेली असते. हिरवी असली तर चढायचं, लाल असली तर चढायचं नाही. खाली इंग्रजीत बरंच लिहिलेलं असतं, ते मला येत नाही, मी रंगावरून चालवतो. तिकडचं ऊन असं की दोन-तीन महिन्यांत रंग उडून दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. तेव्हा मी काय करू? कोणाला विचारू? रोज सकाळी माझ्या पोटात तोच गोळा असतो. माझ्या पोरीच्या पोटात तो नको.

मावशी बोंडू वेचणाऱ्या मुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी वाढवलं नाही हो. तुम्हाला सोडून दिलं होतं. वाढवायचं तर कोणीतरी दिवसभर बघत बसावं लागतं. मी एकटी आहे, मुलं अकरा. काजूच्या दिवसांत आणखी एक बाई हवी, पण रोजाने बाई ठेवायला माझ्याकडे पैसे नाहीत."

"म्हणजे शेवटी पैशांवरच आलं."

"आलं," ती म्हणाली.

घरी आल्यावर आई म्हणते, "कित्याक भितंस? थय राखणदार आसा मरे, डोंगराचो." दरवर्षी त्या डोंगराच्या राखणदाराला आम्ही नारळ ठेवतो. मी म्हटलं, "राखणदार असताना उतली ना?" आईने कानांवर हात ठेवले आणि मला जेवायला वाढलं, पण सोलकढी दिली नाही.

डिचोलीची शाळा

माझा बेत वेगळा होता आणि तो मी दर्शनाला न सांगता पक्का केला होता. डिचोलीत एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. माझ्या सासऱ्यांचं घर पाळीला, तिथून शाळेची बस दारावरून जाते. गोरूने आजोळी राहायचं, शनिवारी-रविवारी इब्रामपूर. मुलाखतीची वेळ सासऱ्यांनी घेऊन ठेवली होती. दर्शनाला मी आदल्या संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी पोर पाच दिवस माझ्याकडे नाही." मी म्हटलं, "मी तर वर्षात अकरा महिने नसतो." हे बोलायला नको होतं. तरी ती सकाळी तयार झाली. म्हणाली, बघून तरी येऊ.

तिघे एका स्कूटरवर. इब्रामपूरहून पूल ओलांडून साळ, मग दोडामार्ग, मग डिचोली. पेट्रोल निघतानाच भरा. दोडामार्गला मध्ये महाराष्ट्र लागतो, मोबाइल लगेच तसं सांगतो. डिचोलीच्या बाजारात एका छोट्या हॉटेलात पातळभाजी, पाव आणि मिरची भजी खाल्ली. तिघांचे दीडशेच्या आत झाले. भाजीत वाटाणे अख्खे होते आणि पाव गरम. नेहमी मी दोन प्लेट खातो, त्या दिवशी अर्धी गोरूनेच संपवली.

शाळा स्वच्छ होती. भिंतीवर चित्रं, वर्गांत पंखे. मुख्याध्यापिका चांगल्या बाई, आवाज मऊ. त्यांनी गोरूला जवळ घेऊन ओठाचं विचारलं, मग एक चित्राचा पत्ता समोर धरला. लाल, गोल, वर एक पान.

"व्हॉट इज धिस?"

"बोंडू," गोरू म्हणाली.

"नीट बघ बाळा."

गोरूने अगदी नाक लावून बघितलं. "बोंडूच. बी काढलेलो."

"ॲपल आहे ते. ॲपलची बी आत असते."

गोरूला वाटलं, बाई चेष्टा करतात. ती खदखदून हसली. "मगे बी खय? बी भायर आसता!" आणि बाईंना समजावं म्हणून तिने मूठ आवळून तिच्या खाली अंगठा लोंबता धरून दाखवला.

दर्शना खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते. मला हसू येईना. सफरचंद माझ्या पोरीने खाल्लेलं आहे, मीच पाठवलेल्या पैशांतून. मग हे काय? माझी मान तापली. सोहारला सेफ्टीच्या तासाला साहेब पडद्यावर चित्र दाखवून मलाच विचारतो, तेव्हा तापते तशी. पुढे बाईंनी मणी मोजायला दिले. ते तिने मोजले, पण खुर्चीत बसून नाही. भिंतीवर पाल चुकचुकली आणि ही टेबलाखाली गेली.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हुशार आहे. यंदा घ्यायचं तर घेऊ, वयाचा प्रश्न नाही. पुढच्या जूनला आणलीत तरी चालेल. फक्त तोवर बसायची सवय लावा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघितलंस? हसण्यावारी गेलं म्हणून. उद्या वर्गात चाळीस पोरं हसतील."

तेव्हा पहिल्यांदा दर्शनाने आवाज चढवला. शाळेच्या गेटसमोर, स्कूटरची चावी हातात धरून. "तुका शाळा गावली नाय, म्हणान तुका शाळा म्हणजे देऊळ दिसता. मी बारा वर्षां त्या देवळात बसलंय. देव खय होतो तो माका विचार." मग हळू आवाजात म्हणाली की तिला सगळी उत्तरं पाठ असायची, रोज सकाळी शाळेत जाताना पोटात दुखायचं आणि बारा वर्षांत तिने बाईंना एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. "आज हिने विचारला ना? बी खय म्हणान? माका बरां वाटलां."

माझ्या पोटात गोळा शाळा नव्हती म्हणून, तिच्या पोटात शाळा होती म्हणून. तिसऱ्या पोटाचं काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं.

पाळी

डिचोलीहून साखळी, साखळीहून पाळी. या रस्त्याला दुचाकीवाल्यांनी डावी बाजू सोडू नये. खनिजाचे टिपर लागतात, आणि पुढचा टिपर गेला म्हणजे रस्ता मोकळा असं समजू नये, धुळीत मागचा दिसत नाही. पाळीला झाडांची पानं तांबडी. सासूबाई तुळस रोज धुतात, पूजा करण्याआधी.

सासऱ्यांनी आयुष्यभर टिपर चालवला. खाण बंद पडली, मग थोडी चालू झाली, तोवर त्यांची कंबर गेली होती. नातीसाठी त्यांनी खोली रंगवून ठेवली होती. मला म्हणाले, "जावयबापू, खोली बघा, टेबल पण केला." टेबल चांगलं होतं. माझं अर्धं मन तिथेच पाघळलं.

सकाळी ते आम्हाला घरामागे फिरायला घेऊन गेले. चढ संपला आणि समोर जुनी खाण. डोंगर नाहीच, त्याच्या जागी खड्डा, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला, आणि तळाला पाणी. हिरवं, स्थिर, इतकं सुंदर की फोटो काढावा. कुंपणाची तार होती, पण जागोजागी पडलेली. घरापासून तिथवर पोचायला गोरूसारखीला काहीच वेळ लागणार नाही.

ती पुढे होती. मी पळत जाऊन तिचा हात धरला आणि मागे ओढला. उजवा हात धरला. ती किंचाळली. नव्या कातडीवर माझी बोटं रुतली होती.

"बाबा, मी थांबलेलंय!" ती रडत म्हणाली. आणि खरंच, ती तारेच्या अलीकडे थांबली होती, हातात एक काठी होती आणि काठीने ती माती टोचून बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच थरथरतंस."

सासरे तिला कडेवर घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, "ती मावशी म्हणते निसर्गाप्रमाणे वाढू द्या. इथे कसं वाढू देणार?"

सासरे पाण्याकडे बघत म्हणाले, "हांगा डोंगर होतो, जावयबापू. माझ्याच टिपरान तो बार्जीर पावयलो. आता खंयचो निसर्ग?" बार्ज म्हणजे खनिज बंदरावर नेणारी बोट. मग म्हणाले, "टेबल मी इब्रामपूरला पाठवतो."

पाळीहून परत येताना आम्ही दोडामार्गला चहाला थांबलो. गोरू दर्शनाच्या मांडीवर झोपली होती. मी दर्शनाला म्हटलं, "यंदा राहू दे डोंगरावर. पुढच्या जूनला शाळा, आणि ती पाळीहून नाही. तू डिचोलीत खोली बघ, आईला धरून तिघी राहा." ती म्हणाली, "पुढच्या जूनचं पुढच्या जूनला बघू." मी म्हटलं, "नाही, आत्ता ठरव." ती म्हणाली, "चहा पी." तर ते ठरलं की नाही ठरलं, मला अजून माहीत नाही.

परत सोहार

आता कॅम्पात बसून लिहितोय. बाहेर ऊन आहे आणि खोलीतले बाकीचे झोपलेत. तुम्ही विचाराल, मग तुझं मत बदललं का? बदललं असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. माणसाचं पोर निसर्गाने वाढतं हे खरं असेल, पण निसर्गाला कोणाची पर्वा नाही, हेही मी बघितलंय. चीक काही मूल बघून उतत नाही. वाचायला यायलाच हवं, या बाबतीत मी हटणार नाही. पण कालच फोनवर गोरूने मला विचारलं, तुझ्याकडे झाडं नाहीत तर तू सावलीत कसा बसतोस? मी सांगितलं, पाइपांच्या. तिला ते पटलं नाही. इतके प्रश्न मला कोणी विचारत नाही इथे, आणि ते बंद पडावेत असंही वाटत नाही.

एकच गोष्ट पक्की कळली. बघत बसायला माणूस लागतं. तो माणूस मी नाही, मी इथे आहे. मी तिथे असतो तरी ओरडून तिची काठी पाडली असती.

म्हणून मावशीला फोन केला. म्हटलं, काजू संपेपर्यंत दुसरी बाई ठेवा, तिचा रोज मी देतो. ती म्हणाली, कुडाळकडची एक आहे, बागेतच कामाला येते, तिचा मुलगा याच शाळेत आहे, नजर चांगली आहे. मी विचारलं, किती नजर चांगली? मावशी हसली. मी पुन्हा विचारलं. मग तिने गंभीरपणे सांगितलं, तुमच्याइतकी घाबरट नाही, पण पाय जलद आहेत. आई म्हणाली, स्वतःच्या पोरीला राखण ठेवतोस, लोक हसतील. हसोत.

या महिन्याला घरखर्चाचे वीस हजार आणि त्या बाईच्या रोजाचे अकरा हजार, मिळून एकतीस हजार रुपये पाठवतोय.